दहा हजारावं प्रमाणपत्र

शैलजा मोरी कुणाला चांगलं म्हणाली असं जपानातल्या इचिकावा गावच्या मराठी मंडळींनी कधी ऐकलं नव्हतं. तिला सगळ्यांची खोड काढायची सवय होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या आजूबाजूच्या लोकांनी त्यासाठी तिला भरपूर सोयही करून ठेवली होती. गणपतीच्या कार्यक्रमात एकदा प्रभावतीबाईंनी, म्हणजे संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अहो शैलजा, तुमचं ते कॉलेज दोनच वर्षांचं ना? म्हणजे आपल्याकडच्या डी.एड.सारखं?" प्रभावतीबाई एम.एस्सी. होत्या. ती पदवी त्यांनी मुंबईहून काचेत घालून आणली होती आणि दिवाणखान्यात लावली होती. तिच्याखाली बसून गेली अकरा वर्षं त्या चकल्या तळत होत्या. शैलजानं त्यांना एवढंच म्हटलं, "हो, आणि तेही मी केलेलं नाही. मी तिथे नुसते शिक्के मारते."

ते खरं होतं. डोंबिवलीची ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना यंत्रांच्या कामासाठी मुंबईत आलेल्या केन्जी मोरी नावाच्या अबोल माणसाच्या प्रेमात पडली आणि परीक्षा, आईवडील, सगळं मागे टाकून १९७७ साली जपानला आली. मुलगा रेन शाळेत जायला लागल्यावर तिनं जवळच्या प्रांतिक महिला कॉलेजात अर्धवेळ नोकरी धरली. दरवर्षी मार्चमध्ये कंत्राट संपायचं, एप्रिलमध्ये नवं मिळायचं. काम प्रमाणपत्रांच्या खिडकीवरचं. पदवीदानाच्या आधी प्रत्येक मुलीचा कागद रजिस्टरच्या पानावर अर्धा चढवून ठेवायचा आणि दोन्हींवर मिळून एकच लाल शिक्का मारायचा. अर्धा शिक्का मुलीबरोबर जातो, अर्धा वहीत राहतो. उद्या कुणी खोटा कागद आणला तर वहीतल्या अर्ध्याशी जुळवून बघता येतं. प्रत्येक कागदाला क्रमांक असतो आणि तो कॉलेज सुरू झालं त्या वर्षापासून न तुटता चालत आलेला असतो. शैलजाला या सगळ्या कॉलेजात आदर वाटावा अशी एकच गोष्ट सापडली होती, ती ही वही.

बाकीच्या गोष्टींचा ती उद्धार करत असे. १९९१ साली सरकारनं दोन वर्षांच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना 'जुनगाकुशी' असा नवा किताब दिला. किताब, पदवी नव्हे. पदवीच्या जरा अलीकडे थांबलेलं काहीतरी. कॉलेजनं त्याचा केवढा गाजावाजा केला! प्राचार्यांनी भाषण केलं, केक कापला. "पाहुण्याला दारात बसवून चहा पाजला, त्याचा एवढा सोहळा," असं शैलजा घरी येऊन म्हणाली. केन्जी हसला. रेननं मान वर न करता जपानीत 'काही विशेष नाही' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटलं. त्या वयात त्याचं सगळ्या जगाबद्दल तेच मत होतं.

तरी तिच्या तिरकस बोलण्याच्या मागे एक जखम होती आणि ती तिला ठाऊक होती. खिडकीच्या अलीकडे बसून तिनं हजारो मुलींना कागद दिले होते; तिच्या स्वतःच्या नावाचा कागद जगात कुठेच नव्हता. १९९४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिनं त्याच कॉलेजच्या सांध्यवर्गात बालसंगोपनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दिवसाच्या मुलींना दोन वर्षं, सांध्यवर्गाला तीन. कामावरून सुटायचं, कॅन्टीनमध्ये नूडल्स गिळायच्या आणि जिना चढून वर्गात बसायचं. वर्गात दुकानांत गल्ल्यावर बसणाऱ्या बायका होत्या, घटस्फोटित होत्या, एक सासूची सेवा करून सुटलेली होती. शैलजाला त्या आवडल्या. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण आवडल्याचं सांगायची तिला सवयच नव्हती.

तिसऱ्या वर्षी घराजवळच्या होइकुएनच्या, म्हणजे पाळणाघराच्या, मुख्य बाई ओता-सान यांनी तिला बोलावून घेतलं. वस्तीत परदेशी कुटुंबं वाढत होती आणि रडणाऱ्या पोराच्या आईशी इंग्रजीत बोलू शकेल अशी बाई त्यांना हवी होती. "मार्चअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा," त्या म्हणाल्या, "एप्रिलपासून वर्ग तुमचा. अर्धवेळ नाही, पूर्ण." शैलजा घरी जाताना स्टेशनवर चुकीच्या बाजूच्या गाडीत चढली आणि दोन स्टेशनं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. इतकी ती खूश होती.

आता कॉलेजचं ऐका. १९९४ च्या मार्चमध्ये तीनशे अठरा मुली बाहेर पडल्या होत्या, तोवरच्या इतिहासात सर्वात जास्त. वहीतला शेवटचा क्रमांक होता नऊ हजार एकशे बारा. तेव्हा प्राचार्य आणि त्यांच्या भोवतीची विद्वान मंडळी बसली, त्यांनी तीनशे अठराला तीननं गुणलं, आणि शोध लागला की १९९७ साली, नेमका कॉलेजच्या चाळिसाव्या वर्षी, दहा हजारावा कागद दिला जाणार. लगेच जाड कागदावर माहितीपत्रक छापलं. 'चाळीस वर्षं, दहा हजार पदवीधर.' पुढच्या वर्षी मुली तितक्याच येतील का, हे विचारायला कुणालाही सुचलं नाही. पोरं कमी जन्मली होती, हे सबंध देशाला दिसत होतं. शिवाय ज्या मुली होत्या त्यांना आता चार वर्षांची खरी पदवी हवी होती, दारात बसवून पाजलेला चहा नको होता. १९९५ ला दोनशे बासष्ट. १९९६ ला दोनशे चौदा. १९९७ ला, सांध्यवर्गाच्या एकोणीस धरून, एकशे एकाहत्तर. शैलजानं बेरीज केली, नऊ हजार सातशे एकोणसाठ. दोनशे एक्केचाळीस कमी.

कॉलेजच्या शिक्षण विभागाचे कार्यालयप्रमुख हिरोसे-सान हे गृहस्थ नेहमी इतके नम्र असत की त्यांच्या मनात काय आहे हे कळायला आठवडा लागे. फेब्रुवारीत ते एक खोका घेऊन शैलजाच्या टेबलापाशी आले.

"मोरी-सान, त्रास देतो. या वर्षीच्या खुल्या वर्गांची प्रमाणपत्रं आहेत. हीसुद्धा वहीत घ्यायची."

शैलजानं खोका उघडला. खुले वर्ग म्हणजे आसपासच्या गृहिणींसाठी शनिवारी चालणारे छंदवर्ग. किमोनो कसा नेसावा, चार शनिवार. वर्ड प्रोसेसरची ओळख, सहा शनिवार. भाज्यांची लोणची, पाच तास. फुलांची रचना. निरोगी चालणे. निरोगी चालण्याचीच त्रेपन्न प्रमाणपत्रं होती.

"किती आहेत?" तिनं विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"दोनशे एक्केचाळीस."

"हिरोसे-सान, ही वही पदवीधरांची आहे. चालायला शिकलेल्यांची नाही."

हिरोसे-सान हसले. "कॉलेजनं दिलेल्या प्रमाणपत्रांची वही, असं वरच्या पानावर लिहिलंय. पदवीधरांची, असा शब्द तिथे नाही. मी बघितलंय. शेवटच्या रकान्यात आपण 'जुनगाकुशी' लिहितो ना, तो रकाना यांच्यापुढे कोरा ठेवा. खोटं काहीच नाही."

"आणि दहा हजारावा क्रमांक?"

दहा हजारावा क्रमांक प्रांतिक सभेच्या एका सदस्याच्या पत्नीचा होता. बाई फुलांच्या रचनेच्या पाच वर्गांपैकी दोनला आल्या होत्या. त्यांपैकी एकाला उशिरा.

शैलजाचं डोकं तापलं. तिनं शिक्क्याची डबी बंद केली, टेबलाच्या कडेला सरकवली आणि म्हणाली, "मी नाही मारणार."

ते रागावले नाहीत. तेच तर त्यांचं कौशल्य होतं. ते म्हणाले, "विचार करा. घाई नाही." मग जाता जाता वळले. "हां, तुमचा स्वतःचा कागद. त्यावर तुम्हाला शिक्का मारता यायचा नाही, नाही का? स्वतःच्या कागदावर कुणीच मारायचा नाही असा नियम आहे. तो मला मारावा लागेल. या खोक्याचं काम उरकलं की बघतो. सध्या फारच गडबड आहे."

बस्स, एवढंच. धमकीचा एक शब्द नाही. शैलजा त्या दिवशी घरी आली आणि जेवताना तिनं हिरोसेपासून प्रांतिक सभेपर्यंत सगळ्यांची पूजा बांधली. मराठीत, जपानीत, जिथे जो शब्द जास्त बोचेल तिथे तो वापरून. केन्जीनं सगळं ऐकून घेतलं. वीस वर्षांच्या सहवासात त्यानं तिच्या मतांमध्ये कधी भर घातली नव्हती. ताटली धुता धुता त्यानं एकच विचारलं.

"तुझा कागद कधी मिळणार?"

तिला त्याचा असा राग आला की ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याच सुमारास अनुराधा तिच्याकडे यायला लागली होती. अनुराधा पुण्याची, नवऱ्याबरोबर जवळच्याच उरायासुला राहायची; तो तोयोसुच्या एका कार्यालयात संगणकाचं काम करायचा. लग्नामुळे कॉलेज सुटलं होतं, पण जपानीच्या तीन परीक्षा तिनं पुण्यातच दिल्या होत्या. सत्तावीस वर्षांची, बडबडी, आणि एका वर्षाच्या आत सगळ्या वस्तीतल्या पोरांची आवडती मावशी झालेली. शैलजाला तिच्यात खोड सापडत नव्हती आणि त्यामुळे ती जरा अस्वस्थ होती. "तू आमच्या सांध्यवर्गाला ये," तिनंच अनुराधाला सांगितलं होतं. "एक वर्ष अजून भाषा घोट, आणि अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये नाव घाल. फॉर्म कसा भरायचा ते मी दाखवते." अनुराधानं त्याच दिवशी जाऊन कांजीची, म्हणजे जपानी चित्रलिपीची, वही विकत घेतली आणि रोज वीस शब्द लिहायला लागली. दर रविवारी ती वही तपासून घ्यायला इचिकावाला यायची.

त्या आठवड्यात ती आली तेव्हा शैलजानं तिला सगळा प्रकार सांगितला.

"मग तुम्ही काय करणार, ताई?"

"काय करणार? नाही मारणार शिक्का. बघू किती दिवस माझा कागद दाबून ठेवतोय ते."

"मस्त," अनुराधा म्हणाली. "तुम्ही असंच करणार, मला माहीत होतं."

आणि शैलजानं बारा दिवस खरंच शिक्का मारला नाही. या बारा दिवसांत तिनं एकशे सत्तर मुलींचे कागद पुरे केले. बाहेरून येणाऱ्या म्हाताऱ्या लेखनिकानं ब्रशनं नावं लिहून दिली, तिनं एकेक कागद वहीवर चढवला, शिक्का दाबला, उचलला. स्वतःचा कागद आला तेव्हा तो तिनं पाहिला. मोरी शैलजा. बालसंगोपन. क्रमांक नऊ हजार सातशे छप्पन्न. सुंदर अक्षर होतं. तिनं तो हिरोसे-सान यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. त्याच्या पुढच्या दिवशी त्यावर एक फाइल आली. मग चहाचा कप.

ओता-सान यांचा फोन आला, सहज. कागद मिळाला का? दुसऱ्याही एक बाई विचारत होत्या म्हणून म्हटलं.

तेराव्या दिवशी सकाळी शैलजानं खोका स्वतःकडे ओढला. लोणच्यापासून सुरुवात केली. मनातल्या मनात ती प्रत्येक कागदाला शिव्या घालत होती. निरोगी चालणाऱ्यांना, किमोनो नेसणाऱ्यांना, वर्ड प्रोसेसरला. पण तिचा हात मात्र चोख चालत होता. बारा वर्षांची सवय होती. एकही शिक्का तिरपा पडला नाही. शेवटचा रकाना कोरा ठेवायला सांगितला होता, तो तिनं कोरा ठेवला. एकदा तिला वाटलं, निदान पेन्सिलनं तरी 'लोणचं, पाच तास' असं कोपऱ्यात लिहावं, म्हणजे पुढेमागे वही उघडणाऱ्याला कळेल. तिनं पेन्सिल उचललीही. मग हिरोसे-सान यांच्या टेबलावरच्या त्या कपाकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. दोन दिवसांत दोनशे एक्केचाळीस पूर्ण झाले. सभासदाच्या पत्नीचा शिक्का तर सगळ्यांत स्पष्ट उठला.

हिरोसे-सान यांनी कप उचलला, फाइल उचलली, तिचा कागद वहीवर ठेवून शिक्का मारला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "अभिनंदन, मोरी-सान," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, हे त्यातलं सर्वात वाईट.

समारंभ थाटात झाला. सांध्यवर्गाच्या एकोणीस जणींना मागच्या रांगेत बसवलं होतं आणि त्यांच्या वतीनं एकीनंच पुढे जाऊन सगळ्यांचे कागद एकत्र घेतले, वेळ वाचावा म्हणून. वाचलेल्या वेळात दहा हजारावं प्रमाणपत्र देण्यात आलं. दिवे, फोटो, टाळ्या. बाईंनी फुलांवर दोन शब्द सांगितले. फुलं त्यांना दोनच शनिवारपुरती भेटली होती, तरी त्या बऱ्याच बोलल्या. शैलजाच्या शेजारी बसलेली गल्ल्यावरची बाई रडत होती, आनंदानं. शैलजानंही टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमध्ये ती पाळणाघरात रुजू झाली. ओता-सान यांनी कागदाची छायाप्रत काढली, फाइलमध्ये लावली आणि फाइल कपाटात ठेवली. क्रमांक, शिक्का, काहीही पाहिलं नाही. शैलजाला तेव्हा हसू आलं होतं. पण काम तिला जमलं. वीस पोरं 'मोरी-सेन्सेई' म्हणून तिच्या एप्रनला लोंबायची, आणि त्या पोरांबद्दल ती घरी येऊन कधीच वाईट बोलली नाही. प्रभावतीबाईंनी गणपतीत तिला विचारलं, "आता डिग्री झाली म्हणे तुमची?" आणि शैलजानं, आयुष्यात प्रथमच, त्यांना काहीही सुनावलं नाही. नुसतं "हो" म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी अनुराधा आली. या वेळी कांजीची वही नव्हती, एक मोठं पाकीट होतं. ती फॉर्म आणायला कॉलेजात गेली होती. खिडकीवरच्या नव्या मुलीनं फॉर्म दिला नाही, हा कागद दिला. यातले शब्द फार कठीण आहेत, ताई, जरा वाचून सांगा.

शैलजानं चष्मा लावला. प्रांताच्या शिक्षण खात्याचं परिपत्रक होतं. प्रांतिक महिला कॉलेजातून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांचा गेल्या काही वर्षांचा कल. खाली आलेख होता. १९९४ पासून रेषा उतरत उतरत १९९६ ला दोनशे चौदापर्यंत आली होती आणि १९९७ ला एकदम वर, चारशे बारा. लगेच खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. दीर्घ अभ्यासक्रमांची मागणी घटत असली तरी लघु अभ्यासक्रमांना नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळत आहे. सबब सांध्यवर्गात अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलपासून नवे प्रवेश बंद करून त्या खोल्या आणि शिक्षक खुल्या वर्गांकडे वळवण्यात येत आहेत.

तिनं ते पूर्ण मराठीत वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

"म्हणजे बायकांना आता तीन वर्षं शिकायला नकोच आहे?" अनुराधा म्हणाली. "असं कसं? चारशे बारा काय थोड्या झाल्या?"

"त्यातल्या एकशे एकाहत्तरच खऱ्या आहेत."

"आणि बाकीच्या?"

"चालायला शिकलेल्या. लोणची घालणाऱ्या." शैलजानं चष्मा काढला. "त्यांचे शिक्के मी मारले, अनुराधा. सगळे दोनशे एक्केचाळीस. वहीत माझ्याच हातचे आहेत."

अनुराधाला समजायला थोडा वेळ लागला. तिच्या तोंडावर राग आला असता तर शैलजाला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, आणि उत्तर देण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"पण तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"माझा कागद अडवला होता त्यांनी."

अनुराधानं परिपत्रक घडी करून पाकिटात घातलं. घडी नीट बसेना म्हणून पुन्हा उघडून पुन्हा घातली.

"मिळाला ना पण तो?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच काळजीनं विचारत होती.

"मिळाला," शैलजा म्हणाली.

"चला, निदान तुमचं तरी झालं," अनुराधा म्हणाली, आणि दारात बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागली.